फ्लायवे, हिकारी आणि पीजीबाउन्सर: तिन्ही चांगले, पण एकाच दारातून नकोत

महापे, रबाळे, ऐरोली आणि इकडे वागळे इस्टेट या पट्ट्यात जावामध्ये सर्व्हर लिहिणाऱ्या छोट्या टीम्सचं ताट हल्ली ठरलेलं असतं. सर्व्हरचा सांगाडा म्हणून स्प्रिंग बूट, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस, कनेक्शन पूलसाठी (उघडी कनेक्शन तयार ठेवायला) हिकारीसीपी, मायग्रेशनसाठी (टेबलांच्या रचनेत क्रमाने बदल करायला) फ्लायवे, आणि ग्राहक वाढले की ॲप आणि डेटाबेसच्या मध्ये कनेक्शन वाटून देणारं पीजीबाउन्सर. सगळं फुकट मिळतं, सगळ्याची कागदपत्रं बरी आहेत. तरीही प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर, रडारड होते, कारण यातल्या प्रत्येकाची मूळ सेटिंग्ज 'आपण एकटेच आहोत' असं धरून ठरवलेली असतात. हे परीक्षण मुख्यतः फ्लायवेच्या फुकट आवृत्तीचं आहे. बाकी दोघं सोबतीला येतात, कारण फ्लायवे एकटं कुणीच वापरत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. फ्लायवे घ्या, पाच-दहा जणांच्या टीमला फुकट आवृत्ती पुरते. फक्त ॲप ज्या कनेक्शनवर चालतं त्याच कनेक्शनवर, त्याच युजरने मायग्रेशन चालवू नका. मायग्रेशनला वेगळा पत्ता, वेगळा युजर आणि शक्यतो डेप्लॉयमधली (नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्यातली) वेगळी पायरी द्या. पुढे जे बिघाड येतील त्यातले निम्मे या एका गोष्टीने टळतात.

उदाहरणाला वाशीच्या एपीएमसीतला आडतीचा हिशोब घेऊ: आवक, वजन, हमाली, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याची पट्टी. हे उदाहरण मुद्दाम निवडलंय. 'मायग्रेशन रात्री दोनला करू, तेव्हा कोण असतं' हा आयटीतला आवडता तोडगा इथे चालत नाही. भाजीपाल्याचा बाजार पहाटेच्या आधीच तापलेला असतो. रात्री गाड्या लागतात आणि आवकच्या टेबलात सगळ्यात जास्त नोंदी तेव्हाच पडतात. त्यामुळे चालू टेबलावर, गिऱ्हाईक समोर असताना बदल करता येतो का, हीच इथली खरी परीक्षा.

बसवणं

फ्लायवे २०१० पासून आहे. २०१९ मध्ये ते रेडगेटने विकत घेतलं. कल्पना इतकी साधी की पहिल्या दिवशी कळते. प्रत्येक बदल एका एसक्यूएल फाइलमध्ये लिहायचा. फाइलच्या नावात कॅपिटल व्ही, आवृत्तीचा आकडा, दोन अंडरस्कोर आणि मग वर्णन. अंडरस्कोर एकच टाकला तर फाइल मायग्रेशन म्हणून ओळखलीच जात नाही. मूळ सेटिंगमध्ये तक्रारही होत नाही, फाइल गुपचूप वगळली जाते. नावांची तपासणी करणारं सेटिंग आहे, पण ते मूळचं बंद असतं. पहिलं काम ते चालू करणं.

कुठली फाइल चालली याची नोंद फ्लायवे डेटाबेसमध्येच 'फ्लायवे स्कीमा हिस्टरी' नावाच्या टेबलात ठेवतं, सोबत फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा). चालून गेलेल्या फाइलमध्ये नंतर कुणी एक शब्द जरी बदलला तरी पुढच्या वेळी फ्लायवेचं व्हॅलिडेट (चालवण्याआधीची तपासणी) अडवतं. चेकसम ओळीओळीने काढला जातो, म्हणून विंडोज आणि लिनक्सच्या ओळ-शेवटाच्या फरकाने तो बदलत नाही. टीममध्ये निम्मे लॅपटॉप विंडोजचे असले तरी त्या बाजूने काळजी नाही. कॉमेंटमधली चूक सुधारली तर मात्र चेकसम बदलतो. म्हणून चाललेल्या फाइलला हात लावायचा नाही. शुद्धलेखन चुकलं असेल तर चुकलेलं राहू द्या.

आवृत्ती १० पासून एक बदल झाला, त्यावर अजूनही लोक अडखळतात. प्रत्येक डेटाबेसचा आधार वेगळ्या मॉड्यूलमध्ये गेला. स्प्रिंग बूट ३.३ वर आलात की फ्लायवे १० येतं, आणि पोस्टग्रेसचं मॉड्यूल डिपेंडन्सीत (ॲपला लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत) जोडलेलं नसेल तर ॲप 'अनसपोर्टेड डेटाबेस' म्हणून उठतच नाही. संदेशात पोस्टग्रेसची आवृत्ती छापलेली असते, त्यामुळे माणूस डेटाबेसची आवृत्ती मागे न्यायला धावतो. तसं काही करायचं नाही, एक डिपेंडन्सी वाढवायची.

आधीपासून चालू असलेल्या डेटाबेसवर फ्लायवे बसवताना बेसलाइनचा ('इथपर्यंतचं झालंय' अशा खुणेचा) सापळा लक्षात ठेवा. 'बेसलाइन ऑन मायग्रेट' चालू केलं की बेसलाइनची मूळ आवृत्ती १ धरली जाते आणि तुमची पहिली फाइल 'झाली' समजून सोडून दिली जाते. त्या फाइलमध्ये जुन्या स्कीमाची (टेबलांच्या रचनेची) प्रत असेल तर उत्तम, तेच हवं होतं. नवा बदल असेल तर तो प्रॉडक्शनवर कधीच पोचत नाही, आणि रिकाम्या डेटाबेसवर चालणाऱ्या टेस्टमध्ये मात्र सगळं हिरवंगार दिसतं.

आणि हायबरनेटचं (जावा ऑब्जेक्ट टेबलांत साठवणाऱ्या लायब्ररीचं) 'डीडीएल ऑटो', म्हणजे टेबलं आपोआप जुळवणारं सेटिंग. फ्लायवे आलं की ते 'अपडेट'वरून काढून 'व्हॅलिडेट'वर ठेवा. एका घरात दोन कारभारी झाले की कुठला कॉलम कुणी घातला हे कुणालाच सांगता येत नाही.

कनेक्शनचा हिशोब

इथे जरा थांबायला हवं, कारण मायग्रेशनच्या नावाने येणाऱ्या बऱ्याच तक्रारी मुळात कनेक्शनच्या असतात.

पोस्टग्रेसमध्ये कनेक्शनची मूळ मर्यादा १००. त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव, म्हणजे हाती ९७. प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते, म्हणून ही मर्यादा ५०० करून टाकणं हा उपाय नव्हे. मेमरी तिकडे जाते आणि प्रोसेसर प्रोसेस अदलाबदलीत दमतो. हिकारीचा मूळ पूल १०. ॲपच्या ४ प्रती चालू असतील तर ४०. डेप्लॉयच्या वेळी जुन्या आणि नव्या प्रती काही काळ शेजारी शेजारी चालतात, तेव्हा ८०. त्यात रिपोर्टचा वेगळा सर्व्हर, बॅकअप, कुणाचं तरी उघडं राहिलेलं डीबीव्हर (डेटाबेस बघायचं साधन) आणि काटकसरीपायी त्याच मशीनवर बसवलेलं स्टेजिंग (चाचणीची प्रत). मग 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' दिसतं ते नेमकं डेप्लॉयच्या वेळी, आणि खापर फुटतं फ्लायवेवर. कारण नव्या प्रतीत कनेक्शन मागणारं ते पहिलं असतं.

पूल किती मोठा हवा? हिकारीच्या कागदपत्रांत पोस्टग्रेसच्या अनुभवावरून आलेलं सूत्र आहे: प्रोसेसरचे कोर गुणिले २, अधिक एकाच वेळी काम करणाऱ्या डिस्क. इथे कोर डेटाबेस सर्व्हरचे मोजायचे, ॲपचे नव्हे. २ कोर आणि १ डिस्क असेल तर ५. हा आकडा सगळ्या प्रतींचा मिळून सुरुवातीचा अंदाज आहे, एका प्रतीचा नाही. ऐकायला चेष्टा वाटते, कारण विनंत्या हाताळणाऱ्या टॉमकॅटचे मूळ थ्रेड २०० असतात. पण दोन कोरवर एका वेळी दोनच क्वेरी खऱ्या अर्थाने धावतात. बाकीच्यांनी पूलच्या रांगेत उभं राहिलेलं डेटाबेसला परवडतं, आत येऊन धक्काबुक्की केलेली परवडत नाही. प्रत्यक्षात क्वेरी डिस्कची किंवा नेटवर्कची वाट बघतात, म्हणून थोडं वर जावं लागतं. ४ प्रतींना प्रत्येकी ५ इथून सुरू करा, मोजा, मग वाढवा.

खालची मर्यादाही आहे, ती फार कमी लोक तपासतात. एकच विनंती एका वेळी दोन कनेक्शन धरत असेल तर पूल स्वतःलाच गळफास लावून घेऊ शकतो. पट्टी सेव्ह करताना आतून 'रिक्वायर्स न्यू' लावून ऑडिटची नोंद वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा कामांच्या गटात) टाकली, की हेच होतं. सूत्र असं: थ्रेडची संख्या गुणिले (एका थ्रेडची कनेक्शन उणे १), त्यात अधिक १. एका वेळी ८ थ्रेड हे काम करणार असतील आणि प्रत्येकाला २ कनेक्शन लागणार असतील तर किमान ९. पूल ५ ठेवलात तर पाच जण एकेक कनेक्शन धरून दुसऱ्याची वाट बघत बसतील. ३० सेकंदांनी सगळे एकदम पडतील.

ते ३० सेकंद म्हणजे हिकारीचा मूळ कनेक्शन टाइमआउट. वजनकाट्यावर उभा असलेला माणूस ३० सेकंद थांबत नाही, पुन्हा बटण दाबतो आणि रांग दुप्पट करतो. ५ सेकंदांवर आणा. लवकर चूक सांगणारा सर्व्हर बरा.

पुढचा बिघाड इथल्या नेटवर्कचा खास. ॲप वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात आणि डेटाबेस ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये, किंवा ॲप ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये आणि डेटाबेस दुसरीकडे, असं असलं की मध्ये फायरवॉल किंवा नॅट (पत्ते बदलून देणारी मधली पेटी) येतं. ॲमेझॉनचं नॅट गेटवे ३५० सेकंद शांत राहिलेलं कनेक्शन सोडून देतं. हिकारी मात्र कनेक्शनचं आयुष्य मूळ ३० मिनिटं धरतं. दुपारी बाजार शांत, कुणी काही करत नाही, मधल्या पेटीने सगळी कनेक्शन मारून टाकलेली आणि पूलला पत्ता नाही. संध्याकाळचं पहिलं क्लिक येतं. हिकारी कनेक्शन देण्याआधी तपासतं, पण पलीकडून उत्तरच आलं नाही तर ५ सेकंद थांबतं, ते टाकून दुसरं घेतं, तेही मेलेलं. 'सकाळी पहिल्यांदा उघडलं की हँग होतं, मग ठीक चालतं' ही तक्रार आली की आधी हेच बघा. उपाय: हिकारीचा कीपअलाइव्ह (कनेक्शन जागं ठेवणारी टिचकी) २ मिनिटांवर, कमाल आयुष्य मधल्या पेटीच्या सक्तीच्या मर्यादेपेक्षा कमी, आणि जेडीबीसीच्या (जावाच्या डेटाबेस ड्रायव्हरच्या) पत्त्यात सॉकेट टाइमआउट. हा शेवटचा मूळ शून्य असतो, म्हणजे अनंतकाळ वाट बघणं. तो द्यायचा झाला तर तुमच्या सगळ्यात लांब रिपोर्टपेक्षा मोठा द्या, नाहीतर महिनाअखेरचा हिशोब अर्ध्यात तुटेल.

जाता जाता, स्प्रिंगचं 'ओपन इन व्ह्यू' मूळ चालू असतं. त्यामुळे विनंतीत एकदा घेतलेलं कनेक्शन उत्तर पूर्ण जाईपर्यंत अडकून राहू शकतं. ते बंद करा. पूल न वाढवता पूल वाढल्यासारखा वाटेल.

पीजीबाउन्सर मध्ये आलं की

पीजीबाउन्सर ६४३२ पोर्टवर बसतं आणि शेकडो क्लायंटना मूठभर खऱ्या कनेक्शनवर खेळवतं. फायदा हवा असेल तर ट्रान्झॅक्शन मोड लागतो. मूळ सेटिंग सेशन मोडची आहे आणि त्यात जेवढे क्लायंट तेवढी खरी कनेक्शन अडकतात, म्हणजे हिकारीच्या पुढे आणखी एक माणूस बसवला, एवढंच. कमाल क्लायंट १०० आणि पूल २० ही मूळ सेटिंग्ज आहेत. पहिला आकडा जवळजवळ नेहमीच वाढवावा लागतो.

ट्रान्झॅक्शन मोडमध्ये ट्रान्झॅक्शन संपली की तुमचं खरं कनेक्शन दुसऱ्याच्या हातात जातं. सेशनवर टिकणाऱ्या सगळ्या गोष्टी त्यामुळे बिनभरवशाच्या होतात: सेट केलेला सर्च पाथ, तात्पुरती टेबलं, सेशनची ॲडव्हायझरी लॉक (प्रोग्रामनी आपसात पाळायची कुलपं). जेडीबीसी ड्रायव्हर एकच क्वेरी ५ वेळा चालली की सर्व्हरवर प्रिपेअर्ड स्टेटमेंट (तयार ठेवलेली क्वेरी) बनवतो, आणि जुन्या पीजीबाउन्सरवर 'एस अंडरस्कोर १ ऑलरेडी एक्झिस्ट्स' ही चूक येते. स्टेजिंगवर चार क्लिक करून 'चालतंय' म्हणणाऱ्याला ती दिसत नाही, पाचव्यानंतर दिसते. पीजीबाउन्सर १.२१ पासून ट्रान्झॅक्शन मोडमध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंट सांभाळता येतात, त्यासाठी त्यांची कमाल संख्या शून्यापेक्षा जास्त हवी. जुनी आवृत्ती असेल तर ड्रायव्हरचा प्रिपेअर थ्रेशोल्ड शून्य करा. कनेक्ट होतानाच 'एक्स्ट्रा फ्लोट डिजिट्स' नावाच्या पॅरामीटरवरून नकार आला तर तो पीजीबाउन्सरच्या 'इग्नोर स्टार्टअप पॅरामीटर्स'मध्ये टाका. जावा ड्रायव्हर तो स्वतःहून पाठवतो, तुमच्या कोडमध्ये शोधून सापडणार नाही.

आणि फ्लायवे? ते पीजीबाउन्सरला बगल देऊन थेट पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर जायला हवं. स्प्रिंगमध्ये डेटासोर्सचा पत्ता आणि फ्लायवेचा पत्ता, युजर, पासवर्ड वेगवेगळे देता येतात. एवढी चांगली सोय आहे, पण बहुतेक प्रोजेक्टमध्ये ती रिकामी असते आणि फ्लायवे मुकाट्याने ॲपचं कनेक्शन उचलतं. थेट का, ते पुढे.

चालू टेबलाला हात घालताना

आवकच्या टेबलात एक कॉलम वाढवायचा आहे. पोस्टग्रेस ११ पासून स्थिर डीफॉल्टसह कॉलम घालताना सगळं टेबल पुन्हा लिहावं लागत नाही, काम क्षणात होतं. मग ॲप पाच मिनिटं का गोठतं? अल्टर टेबलला (टेबलाची रचना बदलणाऱ्या आज्ञेला) ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतं, म्हणजे तेवढा वेळ टेबल बाकी सगळ्यांना बंद. आधी कुणाचा तरी लांब रिपोर्ट त्या टेबलावर चालू असेल तर अल्टर त्याची वाट बघतं, आणि अल्टरच्या मागून आलेल्या सगळ्या साध्या सिलेक्टही अल्टरची वाट बघतात. मार्केटच्या गेटवर एक चौदा चाकी ट्रक आडवा उभा राहिला आहे, त्याला आत वळायला पूर्ण रस्ता हवा आहे, आणि मागचे टेम्पो एरवी सहज गेले असते तरी आता हॉर्न वाजवत उभे आहेत. ट्रकला आत जायला दहाच सेकंद लागतात, पण रस्ता मोकळा व्हायला हवा ना.

म्हणून प्रत्येक अल्टरच्या फाइलमध्ये पहिली ओळ 'सेट लोकल लॉक टाइमआउट' ३ सेकंद. लॉक मिळालं नाही तर मायग्रेशन पडेल, मागची रांग सुटेल, मिनिटाभराने पुन्हा प्रयत्न करा. पोस्टग्रेसमध्ये स्कीमाचे बदलही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, त्यामुळे पडलेली फाइल मागे काही कचरा ठेवत नाही. मायएसक्यूएलमध्ये हे सुख नाही. तिथे प्रत्येक अल्टर आपोआप कमिट होतं, पाच ओळींची फाइल तिसरीवर पडली तर पहिल्या दोन झालेल्या असतात आणि हिस्टरीत 'फेल्ड' नोंद बसते. त्या दोन हाताने उलटवायच्या, मग रिपेअर, मग पुन्हा मायग्रेट. रिपेअर फक्त हिस्टरीचं टेबल नीट करतं, तुमचं स्कीमा नाही. नावामुळे बरेच जण फसतात.

लॉक टाइमआउट 'सेट लोकल'नेच द्या. नुसतं 'सेट' दिलंत तर ते सेशनवर राहतं आणि पुढच्या फाइललाही लागू होतं.

इंडेक्सचं (नोंदी पटकन शोधायच्या सूचीचं) प्रकरण वेगळं. साधं क्रिएट इंडेक्स टेबलात लिहिणं थांबवतं, म्हणून चालू टेबलावर 'कन्करन्टली' हवं. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. फ्लायवे ते स्वतः ओळखून फाइल ट्रान्झॅक्शनबाहेर चालवतं, पण त्याच फाइलमध्ये आणखी अल्टर वगैरे टाकलंत तर मिश्र फाइल म्हणून नाकारतं. एक इंडेक्स, एक फाइल. इथपर्यंत ठीक. आता खरी गंमत. फ्लायवे दोन प्रतींनी एकदम मायग्रेशन करू नये म्हणून पोस्टग्रेसचं ॲडव्हायझरी लॉक घेतं, आणि सध्याच्या मूळ सेटिंगमध्ये ते ट्रान्झॅक्शनचं असतं. म्हणजे एक ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून ते बसून राहतं. कन्करन्टली इंडेक्स जुन्या उघड्या ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट बघतो. फ्लायवे इंडेक्स संपण्याची वाट बघतं, इंडेक्स फ्लायवेची ट्रान्झॅक्शन संपण्याची. डेटाबेसला हा डेडलॉक दिसत नाही, कारण एक वाट बाहेर जावामध्ये आहे. लॉगमध्ये चूक नाही, काही नाही, नुसती शांतता.

उपाय म्हणजे फ्लायवेच्या पोस्टग्रेस सेटिंगमध्ये 'ट्रान्झॅक्शनल लॉक' बंद करणं. मग ते सेशनचं लॉक घेतं. आणि सेशनचं लॉक पीजीबाउन्सरच्या ट्रान्झॅक्शन मोडमधून बिनभरवशाचं, हे वर आलंच. म्हणजे पीजीबाउन्सरमधून गेलात तर कन्करन्टली अडकणार किंवा लॉकचा भरवसा जाणार. थेट ५४३२ वर गेलात तर दोन्ही सुटतात. वेगळ्या दाराचा आग्रह यासाठी.

कन्करन्टली अर्ध्यात तुटला तर मागे 'इनव्हॅलिड' इंडेक्स उरतो. क्वेरीला तो उपयोगी नाही, पण नव्या नोंदींच्या वेळी त्याची देखभाल बहुधा चालूच राहते, म्हणजे खर्च आहे आणि उत्पन्न नाही. 'इफ नॉट एक्झिस्ट्स' लावून पुन्हा चालवलंत तर नाव सापडल्यामुळे पोस्टग्रेस पुढे जातं आणि तुम्हाला वाटतं झालं. फाइलमध्ये आधी 'ड्रॉप इंडेक्स कन्करन्टली इफ एक्झिस्ट्स', मग क्रिएट.

नॉट नल (कॉलम रिकामा न ठेवण्याची अट) लावायचं असेल तर तीन पायऱ्या. आधी चेक कन्स्ट्रेंट 'नॉट व्हॅलिड' म्हणून घाला, मग दुसऱ्या फाइलमध्ये व्हॅलिडेट करा, त्यावेळी लिहिणं-वाचणं चालू राहतं. मग सेट नॉट नल. पोस्टग्रेस १२ पासून तो आधीचा चेक बघून पुन्हा सगळं टेबल चाळत नाही. शेवटी चेक काढून टाका. लांबलचक वाटतं, पण दोन कोटी नोंदींच्या टेबलावर हा मार्ग शहाणपणाचा.

मराठी डेटासाठी एक सूचना. व्हारकारची (मजकुराच्या कॉलमची) लांबी पोस्टग्रेस युनिकोड कॅरेक्टरमध्ये मोजतं आणि प्रत्येक काना-मात्रा-अनुस्वार वेगळा कॅरेक्टर असतो. 'ठाणे' म्हणजे २ नाही, ४. 'कळंबोली' ७. इंग्रजी नावं बघून २० ची मर्यादा घातलेला गावाचा कॉलम शेतकऱ्याचं पूर्ण गाव-तालुका मराठीत आलं की पडतो. दिलासा असा की व्हारकारची मर्यादा वाढवताना टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. इंटिजरचा बिगइंट करताना मात्र अख्खं टेबल लिहिलं जातं, आणि तोवर टेबल बंद. इंटिजर आयडी सुमारे २१४ कोटी ७४ लाखांवर संपतो. पट्टीला तो पुरेल, पण अनेक काट्यांवरून दर सेकंदाला येणाऱ्या नोंदींना काही वर्षांनी अपुरा पडू शकतो. तिथे पहिल्या दिवसापासून बिगइंटच घ्या.

माणसांच्या चुका

कोडच्या दोन ब्रँचमध्ये (समांतर प्रतींमध्ये) दोघांनी एकाच आकड्याची फाइल बनवली की फ्लायवे मर्जनंतर (त्या एकत्र केल्यावर) 'एकाच आवृत्तीच्या दोन फाइल' म्हणून थांबतं. हे चांगलंच आहे. आकड्यांऐवजी तारीख-वेळ वापरली की ही टक्कर जाते, पण दुसरी येते: जुन्या तारखेची फाइल उशिरा मर्ज झाली की ती क्रमाबाहेरची ठरते आणि व्हॅलिडेट अडवतं. लोक मग 'आउट ऑफ ऑर्डर' कायमचं चालू करून टाकतात. करू नका. मर्ज करताना फाइलचं नाव बदलायला एक मिनिट लागतं.

'क्लीन' ही आज्ञा अख्खं स्कीमा पुसते. आवृत्ती ९ पासून ती मूळचीच बंद असते. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं.

युजरचा मुद्दा. टेबलांचा मालक मायग्रेशनचा युजर असावा, ॲपच्या युजरला फक्त वाचणं-लिहिणं. मग एसक्यूएल इंजेक्शन (बाहेरून घुसवलेली क्वेरी) झालं तरी ड्रॉप टेबल होत नाही. पोस्टग्रेस १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये पब्लिक स्कीमात टेबल बनवण्याचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळत नाही, म्हणून नव्या सर्व्हरवर पहिलीच फाइल 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' म्हणून पडते. मायग्रेशनच्या युजरला डेटाबेसचा मालक करा. आणि 'अल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस' मायग्रेशनच्या युजरच्याच नावाने चालवा. सुपरयुजरने स्वतःसाठी चालवलेलं फक्त सुपरयुजरच्या टेबलांना लागू होतं. मग मायग्रेशन हिरवं आणि ॲप लाल, असं दृश्य दिसतं.

ॲपच्या प्रती (पॉड) आपोआप चालवणाऱ्या कुबरनेटिसवर ॲप उठतानाच मायग्रेशन चालत असेल तर लांब मायग्रेशनच्या मध्येच लाइव्हनेस प्रोब ('जिवंत आहे का' ही तपासणी) पॉड मारतो. नवा पॉड उठतो, पुन्हा पहिल्यापासून. वेगळ्या जॉबमध्ये चालवा. फ्लायवेची एक बाजू इथे लिक्विबेस या दुसऱ्या मायग्रेशन साधनापेक्षा उजवी आहे. लिक्विबेस लॉकची नोंद टेबलात ठेवतं, पॉड मेला तर ती नोंद तशीच राहते आणि हाताने सोडवावी लागते. फ्लायवेचं ॲडव्हायझरी लॉक कनेक्शन तुटलं की सुटतं. उलट, लिक्विबेसच्या फुकट आवृत्तीतही रोलबॅक लिहिता येतो, फ्लायवेत 'अनडू' पैसे मोजल्यावरच. त्याची हळहळ वाटू देऊ नका. काढून टाकलेला कॉलम अनडूने परत येतो, त्यातला डेटा येत नाही. कॉलम काढायचा तर आधी कोडमधून वापर काढा, एक डेप्लॉय जाऊ द्या, मग पुढच्या फाइलमध्ये कॉलम. नाव बदलायचं तरी तेच: नवा कॉलम, दोन्हीकडे लिहिणं, जुना डेटा काही हजारांच्या तुकड्यांत भरणं, मग जुना बंद. जुन्या नोंदी भरण्याचं काम फ्लायवेच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कोंबू नका, त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट.

पायथनमधल्या जँगो किंवा अलेंबिकवाल्यांनी हे वाचून फ्लायवेवर उडी मारायची गरज नाही. त्यांची आपापली साधनं मॉडेलवरून फाइल बनवून देतात, ती सोय इथे नाही. लॉकची आणि दाराची कथा मात्र तिथेही हीच.

शेवटी एक चूक, जी बहुतेक भारतातच दिसते. विंडोजच्या लॅपटॉपवर जावा आपला टाइमझोन 'एशिया स्लॅश कॅलकटा' असा सांगतं, आणि ड्रायव्हर तोच पोस्टग्रेसला कळवतो. नव्या डेबियन-उबंटूमध्ये हे जुनं नाव टाइमझोनच्या मुख्य पॅकेजमधून काढून 'लेगसी' पॅकेजमध्ये टाकलंय. त्यावर बसलेला पोस्टग्रेस मग 'इनव्हॅलिड व्हॅल्यू फॉर पॅरामीटर टाइमझोन' म्हणून कनेक्शनच नाकारतो. पासवर्ड बरोबर, पोर्ट बरोबर, शेजारच्या मॅकवर चालतंय, याच्यावर नाही. जावा सुरू करताना युजर टाइमझोन 'एशिया स्लॅश कोलकाता' द्या, आणि हे लॉन्च स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवा, म्हणजे दर नव्या लॅपटॉपला अर्धा दिवस जाणार नाही.